हिरकणीचे हात

आमच्या तालुक्याच्या गावात रोज संध्याकाळी दोन ठिकाणी माणसे लोंबकळत असतात. एक म्हणजे कॉलेजच्या मागचे मैदान. तिथे भरतीची तयारी करणारी मुले लोखंडी दांडीला लटकून पुलअप्स मारतात आणि भोवती उभी असलेली पोरे मोठ्याने आकडा मोजतात. त्याच मैदानावर पंधरा-वीस मुली धावण्याचा सराव करतात. त्या दांडीकडे फिरकत नाहीत. एकीला मी कारण विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, ‘‘काकू, आम्हाला ते नसतं.’’

दुसरे ठिकाण तिथून दहा मिनिटांवरची जुनी व्यायामशाळा. तिथे तुळईला बांधलेल्या सुती दोरावर आठ ते चौदा वर्षांच्या मुली चढतात, मध्येच थांबून एखादे आसन लावतात आणि उतरतात. आकडा कोणीच मोजत नाही. मैदानावरच्या मुलींच्या धाकट्या बहिणी या शाळेत आहेत. घर एक, जेवण एक. तरी एकीचे हात तिचे वजन पेलतात आणि दुसरीने आपले हात ते पेलणारच नाहीत असे गृहीत धरले आहे. या गृहीताचा उगम शोधायला मी पुस्तकांकडे गेले.

मी क्रीडाशास्त्राची पदवीधर नाही. विमा कार्यालयातल्या नोकरीबरोबर जुनी मराठी व्यायामविषयक पुस्तके जमवत आणि वाचत गेले, एवढीच माझी तयारी. पुस्तके वाचल्यावर मात्र प्रश्न व्यायामापुरता राहिला नाही. हातांनी स्वतःचे शरीर वर ओढण्याची ताकद कुठून येते, याची आपण एकमेकांना काय काय उत्तरे दिली आहेत, असा तो झाला. म्हणून या लेखात व्यायाम आहे तशी वाङ्मयाची चिकित्साही आहे.

१

पहिले उत्तर गोष्टींमध्ये आहे. मराठी माणसाला चढण्याच्या दोन गोष्टी लहानपणापासून पाठ असतात, तानाजीची आणि हिरकणीची.

सिंहगडाचा प्रसंग १६७० सालचा. लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टीत यशवंती नावाची घोरपड कड्यावर चढते, तिच्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि त्या दोरावरून मावळे चढतात. ही घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात ठळकपणे येते. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत ती नाही. तिथे कड्यावर रात्री आधी चढतात ते निवडलेले दोन मावळे. बखरकार त्यांच्या चपळाईला वानरांची उपमा देतो. वर पोचल्यावर ते माळ, म्हणजे दोराची शिडी, लावतात आणि मग बाकीचे चढतात. युद्धेतिहासाच्या दृष्टीने हा तपशील लहान असेल. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोठा आहे. बखरीत कडा चढणारे हात माणसांचे आहेत. त्या दोघांना चढता येत होते म्हणून त्यांची निवड झाली. पोवाड्यात येईपर्यंत त्या हातांची जागा प्राण्याच्या नखांनी घेतली. श्रोत्यांना घोरपड आवडली यात नवल नाही. मात्र ती आली आणि चढणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे गोष्टीतून गेले.

हिरकणीची कथा याहून बोलकी आहे. रायगडावर दूध घालायला आलेली बाई, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. ही दंतकथा असेल. तिचे वजन त्यामुळे कमी होत नाही. पण ती आपण कशी सांगतो? तिचे बळ सर्वस्वी मातृत्वातून येते. मूल रडत असेल या विचाराने तिला कड्याचे भय राहिले नाही, एवढ्यावर गोष्ट पुरी होते. वास्तविक कथेतच दुसरे कारण हाताशी आहे. ही बाई गडाखालच्या वस्तीत राहणारी, रोज डोक्यावर भांडे घेऊन गड चढणारी-उतरणारी आहे. तिची बोटे, मनगटे, पोटऱ्या, पावले वर्षानुवर्षे त्याच डोंगरावर घडली आहेत. माया तिला कड्याच्या टोकापर्यंत आणेल. तिथून खाली तिला तिचे हातपाय नेणार. दुसऱ्या कोणा आईची माया काही उणी नसते, पण ती कड्यावरून निसटली असती.

आपण हिरकणीचे नाव एस.टी.च्या निमआराम गाडीला दिले आणि स्तनपानाच्या कक्षालाही दिले. दोन्ही ठिकाणी ते शोभते. मुलींच्या एखाद्या व्यायामशाळेला ते दिल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही.

मल्लखांबाच्या जन्मकथेलाही हाच साचा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी परमुलखातले मल्ल आव्हान घेऊन आले. बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर उपासनेला बसले. मारुतीने त्यांना लाकडी खांबावर डाव शिकवले, अशी आख्यायिका आहे. मल्लस्तंभाचा उल्लेख त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. म्हणजे बाळंभटदादांचे श्रेय एका जुन्या साधनाचे पुनरुज्जीवन करून त्यावर शिकवण्याची परंपरा उभी करण्याचे, आणि ते श्रेय लहान नाही. कथा मात्र शिकवण्याच्या भागावरून घाईने पुढे जाते आणि दृष्टांतापाशी रेंगाळते.

घोरपड, माया, दृष्टांत. तिन्ही उत्तरांत ताकद बाहेरून येते, एकदम येते, आणि ज्याला मिळाली त्याला मिळाली.

२

आता गोष्टी बाजूला ठेवून दांडीला लटकू. पुलअप म्हणजे तळवे समोर ठेवून दांडी धरायची, हात सरळ ताणून लोंबकळायचे आणि हनुवटी दांडीच्या वर जाईपर्यंत शरीर उचलायचे. पाहणाऱ्याची नजर दंडाच्या बेटकुळीवर जाते. पण ज्याला एकही पुलअप येत नाही तो बहुधा बेटकुळीपर्यंत पोचतच नाही. त्याचे अडते त्याच्या आधीच्या दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण पकड. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून कंडरा बोटांपर्यंत जातात आणि दोरीने कळसूत्री बाहुली हलावी तशी बोटे वळवतात. साठ किलोचे शरीर लोंबू लागले की तो सगळा भार या कंडरांवर येतो. नवशिक्याची पकड काही सेकंदांतच सुटू लागते. आणि पकड सुटत असताना खेचण्यावर लक्ष लागत नाही, हे प्रत्येकाने अनुभवावे.

दुसरे ठिकाण खांदा. सैल लटकले की खांदे कानांना भिडतात. खेचण्याची सुरुवात कोपर वाकवून होत नाही. ती फऱ्यांपासून, म्हणजे खांद्यामागच्या दोन चपट्या हाडांपासून होते. कोपरे सरळ ठेवूनच फरे खाली आणि किंचित आत ओढले की शरीर दोन-तीन बोटे वर येते, छाती उघडते आणि बगलेपासून कमरेपर्यंत पसरलेला पाठीचा रुंद स्नायू, जिममधली मुले ज्याला लॅट्स म्हणतात तो, कामाला लागतो. ही दोन-तीन बोटांची हालचाल न येणारा माणूस नुसत्या दंडांनी स्वतःला उचलू पाहतो, पाय झाडतो आणि ‘आपल्याला जमत नाही’ असे म्हणून खाली येतो.

ही दोन्ही ठिकाणे लोंबकळूनच पक्की होतात. पण इथे एक अडचण आहे. आडव्या दांडीवर अर्धे वजन उचलता येत नाही. पाय जमिनीवरून सुटले की सगळा भार हातांवर येतो. ज्याच्यापाशी तेवढी ताकद आहे त्याला दांडी आणखी ताकद देते. ज्याच्यापाशी नाही त्याला ती काहीच देत नाही. दहा सेकंदांत खाली सोडते. म्हणून दांडी हे ताकद मोजण्याचे उत्तम साधन आहे आणि शून्यापासून शिकवण्याचे तितकेच अपुरे. माझ्या मते सगळा घोटाळा या दोन गोष्टींतला भेद न केल्याने झाला आहे.

३

दुसरे उत्तर परीक्षांमध्ये आहे. अग्निवीर भरतीत दहा पुलअप्सना ४० गुण आणि सहांना १६ गुण असे कोष्टक आहे. मुलींच्या चाचणीत धावणे आणि उड्या आहेत, पुलअप्स नाहीत. आपल्याकडच्या पोलीस उपनिरीक्षकाच्या शारीरिक चाचणीत कित्येक वर्षे पुरुषांना पुलअप्सचे २० गुण होते, आणि स्त्रियांना ३ किलोमीटर चालण्याचे ४० गुण होते. चालण्याला मी नावे ठेवत नाही. पण एकाच पदासाठी एकाने स्वतःचे वजन उचलावे आणि दुसरीने चालून दाखवावे, असे ठरवणाऱ्याच्या मनात स्त्रीच्या हातांविषयी एक निकाल आधीच लागलेला होता. मैदानावरची मुलगी ‘आम्हाला ते नसतं’ म्हणते तेव्हा ती नियम सांगत असते; हळूहळू तेच वाक्य ती शरीराविषयीही मानू लागते.

या निकालाला शास्त्राचा आधार आहे असे सांगताना एक अमेरिकी प्रयोग पुष्कळदा पुढे केला जातो. डेटन विद्यापीठातल्या संशोधकांनी एकही पुलअप न येणाऱ्या १७ स्त्रियांना आठवड्यातून तीन दिवस, असे तीन महिने शिकवले. वजने उचलून दंड आणि पाठ बळकट केली, तिरक्या फळीवर सोप्या केलेल्या पुलअपचा सराव दिला, चरबी कमी होईल असा व्यायामही करून घेतला. शेवटी शरीराच्या वरच्या भागाची ताकद ३६ टक्क्यांनी वाढली, पण खरा पुलअप फक्त चौघींना आला. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने याविषयी लिहिले आणि स्त्रियांना पुलअप का येत नाहीत याचे ते जणू प्रमाणपत्र ठरले.

मी हा प्रयोग वेगळ्या रीतीने वाचते. ताकद ३६ टक्क्यांनी वाढूनही १३ जणींना पुलअप आला नाही, तर वाढलेली ताकद आणि हवे असलेले काम यांची गाठ पडली नव्हती, असाही त्याचा अर्थ होतो. ताकद ज्या कामातून आणि ज्या कोनातून कमवावी त्याच कामात ती अधिक उपयोगी पडते, हे व्यायामशास्त्रातले जुने तत्त्व आहे. फळीवर सरकणाऱ्या शरीराला लोंबत्या शरीराचे डोलणे, पकडीवरचा पूर्ण भार आणि तळाशी सैल पडलेले खांदे ठाऊक नसतात. शिवाय तीन महिने हा स्नायूंना पुरेसा काळ असेल. कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. स्त्रियांच्या शरीरात वरच्या भागात स्नायूंचे प्रमाण सरासरीने कमी असते आणि चरबीचे अधिक, हे खरेच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्यावरून ‘अधिक वेळ लागेल’ एवढेच निघते. ‘येणार नाही’ हे निघत नाही.

अमेरिकी मरीन दलाने १ जानेवारी २०१४ पासून स्त्रियांना किमान तीन पुलअप्सची अट घालायचे ठरवले होते. निम्म्याहून अधिक नव्या भरतीच्या स्त्रिया ती पुरी करू शकल्या नाहीत, म्हणून ते लांबणीवर पडले. त्याआधी त्यांच्यासाठी पर्याय होता तो हनुवटी दांडीच्या वर ठेवून, हात मुडपून लोंबून राहण्याचा. वरवर पाहता हा पर्याय माझ्या बाजूचा वाटेल, कारण तो लोंबकळण्याचाच आहे. पण हात मुडपून वर टिकून राहिल्याने ताकद वाढते ती मुख्यतः त्या वरच्या कोनातली. नवशिक्याचे अडते ते तळाशी, हात सरळ असताना. म्हणजे जो भाग शिकवायला हवा होता तोच वगळलेले लोंबकळणे स्त्रियांच्या वाट्याला आले, आणि तेही सोपी परीक्षा म्हणून.

४

तिसरे उत्तर व्यायामशाळेतल्या दोरावर आहे.

दोरीचा मल्लखांब आधी वेताचा होता. चांगला वेत मिळेनासा झाला तसा सुती दोर आला. स्पर्धांत पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे मल्लखांबाचे तीन प्रकार असतात. त्यांतला दोरीचा मुख्यतः मुलींचा म्हणून रूढ झाला. दोराला गाठ नसते. वर चढायचे असेल तर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर पकडायचा, गुडघे पोटाशी घ्यायचे, पकड पक्की करून पाय ताणायचे आणि हात वर सरकवायचे.

शाळेत नवी आलेली मुलगी मी अनेकदा पाहिली आहे. पहिल्या दिवशी ती दोर धरून नुसती लटकते आणि खाली उतरते. ताई तिला पुलअप काढ म्हणत नाहीत. दोर पायांत कसा धरायचा ते दाखवतात. आता तिच्या वजनाचा मोठा वाटा पाय घेतात आणि हात फक्त तोल आणि थोडा भार सांभाळतात. आठवड्यांनी पायांची पकड बदलताना क्षणभर सगळे वजन हातांवर येऊ लागते. तो क्षण दर चढाईत चार-पाच वेळा येतो. मग एखादे आसन लावण्यासाठी पाय मोकळे करावे लागतात आणि तो क्षण लांबतो. हातांवरचा भार असा मुलीच्या नकळत थोडाथोडा वाढत जातो. दांडीवर जे अर्धे वजन उचलता येत नाही, ते दोरावर पाव, अर्धे, पाऊण असे हवे तेवढे उचलता येते. पाय हा इथला तराजू आहे.

कोणी म्हणेल, पायांचा आधार घेऊन चढणे म्हणजे पुलअप नव्हे. बरोबर. दोरावर सराईत असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीला मी दांडीवर नेले तेव्हा तिने चार पुलअप्स काढले, दुसरीने एक, आणि तिसरीला पुरा आलाच नाही. दोर म्हणजे पुलअपची हमी नव्हे. पण त्या तिसऱ्या मुलीनेही दांडी धरल्याबरोबर खांदे कानांपासून खाली घेतले. तिला कोणी सांगितले नव्हते; दोराने शिकवले होते. तिचे जे कमी पडत होते ते दांडीवरच्या काही आठवड्यांच्या सरावाचे होते. मैदानावरच्या मुलीचे त्याआधीचे सगळेच राहिले आहे.

दोर असला की शिकवणे आपोआप होते असेही नाही. दोर चढणे हा ऑलिम्पिकमध्ये १८९६, १९०४, १९२४ आणि १९३२ या वर्षी खेळ होता. १८९६ साली अथेन्सला १४ मीटरचा दोर होता आणि फक्त दोघे टोकापर्यंत पोचले. १९०४ साली सेंट लुईसला ही शर्यत जिंकणाऱ्या जॉर्ज आयझरचा एक पाय लाकडी होता. तिथे दोरावरून वेळ मोजला गेला आणि दोरही दांडीसारखा परीक्षेचे साधन झाला. आपल्या व्यायामशाळेत तो शिकवण्याचे साधन राहिला, याचे कारण तिथे कोणी घड्याळ लावले नाही.

५

हीच गोष्ट खडक चढणाऱ्यांनी स्वतंत्रपणे शोधली, हे मला वाचताना विशेष वाटले. जॉन गिल हा अमेरिकी गणितज्ञ १९५०च्या दशकात लहान खडकांवर अवघड चढाया करू लागला तो जिम्नॅस्टिक्समधून, दोर आणि रिंग यांच्या सरावातून आला होता. हातांना मॅग्नेशियाची पूड लावण्याची जिम्नॅस्टांची रीतही त्याने खडकावर नेली. आपल्या मल्लखांबावर एरंडेल चोळतात आणि हातांना राळ लावतात. निसरडेपणा आणि पकड यांचा हिशेब सगळीकडे आहे.

जर्मनीत वोल्फगांग ग्युलिशने १९८८ साली न्यूरेंबर्गच्या एका व्यायामशाळेत तिरप्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि पाय न टेकता, फक्त बोटांनी त्यांवरून वर जाण्याचा सराव केला. त्या व्यायामशाळेच्या नावावरून अशा फळीला ‘कॅम्पस बोर्ड’ म्हणतात. १९९१ साली त्याने ‘अ‍ॅक्सिओन डायरेक्ट’ हा मार्ग चढला तेव्हा त्या काळी त्याहून अवघड मार्ग कोणी चढला नव्हता. ग्युलिशच्या फळीची कीर्ती झाली, पण गिर्यारोहणाचे प्रशिक्षक नवशिक्यांना आणि वाढत्या वयाच्या मुलांना त्या फळीपासून दूर ठेवतात. बोटांच्या वाढत्या हाडांना आणि कंडरांना तो झटका सोसत नाही. नवशिक्याची सुरुवात भिंतीवर होते, जिथे पाय टेकलेले असतात. पुढे ते छोट्या खाचांना दहा-दहा सेकंद लटकतात, मध्ये पुरेशी विश्रांती घेतात. भार आधी पायांवर, मग वाटून, मग हातांवर: हाच क्रम मी आमच्या ताईंच्या दोरावर पाहिला होता.

आणि स्त्रियांचे काय, या प्रश्नाला खडकावर १९९३ सालीच उत्तर मिळाले. अमेरिकेतल्या एल कॅपिटान या प्रचंड कड्यावरचा ‘द नोज’ हा मार्ग, दोराला न खेचता, केवळ हातापायांनी चढण्यात अनेकांना अपयश आले होते. तो तसा सर्वप्रथम चढली लिन हिल, पाच फूट दोन इंच उंचीची, लहानपणी जिम्नॅस्टिक्स केलेली बाई. पुढच्या वर्षी तिने तोच मार्ग एका दिवसात चढून दाखवला. तिच्या चढाईचे स्पष्टीकरण देताना कोणाला घोरपड लागली नाही.

६

मग आपल्या पुस्तकांत हे आहे का? बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली १९३६ ते १९४९ या काळात निघालेला दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ हे मराठीतले असे काम आहे, की इतर भारतीय भाषांनी हेवा करावा. मल्लखांबाच्या परंपरेने जपलेली शब्दसंपत्तीही तशीच: अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती, झाप, फरारा, ताजवा. शरीर खांबाला किती तऱ्हांनी बिलगू शकते याचे इतके बारीक नामकरण करणाऱ्या भाषेला लोंबकळण्याची विद्या माहीत नव्हती असे कोण म्हणेल?

तरी या परंपरेतल्या पुस्तकांविषयी माझी एक तक्रार आहे. मला मिळालेल्या बहुतेक पुस्तकांत वर्णन असते ते पूर्ण झालेल्या उडीचे किंवा आसनाचे. हात इथे, पाय तिथे, मान अशी. तिथवर पोचण्याआधीचे सहा महिने पुस्तकात नसतात, कारण लेखकाने गृहीत धरलेले असते की वाचकाशेजारी उस्ताद उभा आहे. ज्या काळी गल्लोगल्ली तालमी होत्या त्या काळी हे चालून गेले. आता तालमीत न गेलेल्याच्या हाती पुस्तक पडते तेव्हा त्याला दिसते ते शिखर, वाट नाही. आणि त्या तालमींच्या दारात मुलींना प्रवेश किती होता, हा प्रश्न त्या उस्तादाबरोबर आपोआप गृहीत धरला गेला.

जुन्या पुस्तकांनी वाट गाळली ती विश्वासाने. आजची भरती-मार्गदर्शके ती गाळतात ती घाईने. त्यांत पुलअपचे गुणकोष्टक असते, ‘रोज सराव करा’ असा उपदेश असतो, आणि शून्य पुलअप येणाऱ्यासाठी एक ओळही नसते. कोष्टकातही तो नसतो. ते सहापासून सुरू होते.

ती गाळलेली ओळ इथे लिहिते. आधी दांडीला किंवा दोराला खांदे सैल सोडून दहा सेकंद, दिवसातून चार-पाच वेळा. हळूहळू तीस सेकंद. मग कोपरे सरळ ठेवून खांदे कानांपासून खाली ओढणे आणि सोडणे. मग स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर नेणे आणि जमेल तितके सावकाश खाली येणे, कारण उतरताना स्नायू चढण्यापेक्षा अधिक भार पेलतात. बरोबरीने आठवड्यातून दोन-तीन दिवस पायांच्या पकडीने दोर चढणे, आणि दर महिन्याला पायांकडून थोडा भार काढून हातांना देणे. मध्ये विश्रांतीचे दिवस. बोटांच्या किंवा कोपराच्या आतल्या बाजूला टोचू लागले तर थांबणे. खांदा आधीच दुखावलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय न लटकणे. यात नवे काही नाही. दोरावरच्या मुली आणि भिंतीवरचे गिर्यारोहक हेच करतात. फक्त ते लिहून ठेवलेले असायला हवे होते.

७

हे सगळे वाचून सांगणे सोपे, म्हणून वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी स्वतः लटकून पाहिले. माझ्या वहीत पहिल्या दिवसाची नोंद आहे: सात सेकंद. तळहात भाजल्यासारखे झाले आणि ताईंनी हसून एरंडेलाची बाटली पुढे केली. चार महिन्यांनी चाळीस सेकंद. दहाव्या महिन्यात दोरावर पायांच्या पकडीने अर्ध्यापर्यंत गेले. आज अडीच वर्षांनी हनुवटी दांडीच्या वर ठेवून खाली यायला मला अकरा सेकंद लागतात. तळापासून वर जाणारा पुरा पुलअप मला अजून आलेला नाही. हनुवटी दांडीखाली चार बोटांवर अडते. कोष्टकाच्या हिशेबात मी पहिल्या दिवशी शून्यावर होते आणि आजही शून्यावरच आहे. माझ्या हातांना मधली अडीच वर्षे माहीत आहेत.

‘आम्हाला ते नसतं’ म्हणणारी मुलगी गेल्या पावसाळ्यात, मैदानात चिखल झाला म्हणून, धाकट्या बहिणीला न्यायला शाळेत आली होती. बहीण दोरावर होती, म्हणून ती थांबली. ताईंनी तिला दुसरा दोर दाखवला. ‘‘परीक्षेत नाही ना पण,’’ ती म्हणाली. ‘‘नसू दे,’’ ताई म्हणाल्या. तिने चपला काढल्या आणि दोर धरला. धाकटीने वरून ओरडून तिला सांगितले, ‘‘ताई, अंगठ्यात धर, अंगठ्यात!’’

ती त्या दिवशी फार वर गेली नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, मैदान कोरडे होते, आणि तरी ती आली.